इंजिन गार होईपर्यंत

बंद पडायचंच होतं तर चढ संपल्यावर बंद पडली, एवढी तरी अक्कल गाडीने दाखवली. पाण्याच्या उंच टाकीखाली रस्ता वळतो, तिथे इंजिनाने एक उसासा टाकला आणि सगळं शांत झालं. चाकांची सरसर तेवढी थोडा वेळ ऐकू येत राहिली... मग तीही थांबली.

तिने किल्ली फिरवली. घरघर झाली, पण इंजिन काही धरेना.

"अगं, आजच?" ती गाडीलाच म्हणाली. मागच्या सीटवर भिंगांची पेटी होती, आणि पुढच्या गावच्या शाळेत साठ मुलं डोळे तपासून घ्यायला ताटकळत बसली असणार होती.

गाडी वडिलांची. ते गाडीला 'धाकटी' म्हणायचे. घरात लेक एकच, तेव्हा लेक आपोआप 'थोरली' झाली. वडील जाऊन दोन वर्षं झाली, तरी आत्या अजून दारातून ओरडायची, "थोरले, धाकटीला उन्हात का उभी केलीस?"

थोरली खाली उतरली, बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिली. कळत काहीच नव्हतं, पण गाडी बंद पडल्यावर बॉनेट उघडून बघायचं असतं एवढं तिला ठाऊक होतं. एक रबरी नळी जरा सैल वाटली म्हणून तिने हात पुढे केला—

"हात लावू नका!"

सायकलवरून एकजण उतरला होता. तिशी ओलांडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडांना न निघणारा काळा रंग. भुरभुर पाऊस पडत होता आणि त्याच्या केसांवर थेंब तसेच बसून होते.

"भाजेल. गार होऊ द्या."

"तुम्हाला गाडीतलं कळतं?"

"लोक पैसे देतात, तेवढं कळतं."

"मग बघा ना काय झालंय ते."

"आत्ता बघून काही दिसायचं नाही. वीस मिनिटं थांबा, आपली आपण सुरू होईल. मग तुम्हाला वाटेल, काही झालंच नव्हतं. आणि चार दिवसांनी पुन्हा कुठेतरी चढावर—"

"तुम्ही मेकॅनिक आहात की ज्योतिषी?"

"ज्योतिषी असतो तर छत्री घेऊन निघालो असतो," तो म्हणाला आणि डावा डोळा बारीक करून तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, डोळा मारतोय की काय! तिने पदर नसतानाही खांद्यावर हात नेला आणि रागाने टाकीकडे बघायला लागली.

वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला.

"निळं शटर, उताराच्या तळाशी," तो सायकलवर टांग टाकत म्हणाला. "वाटलं तर या, नाही आलात तरी हरकत नाही. पण कुणाच्या सांगण्यावरून भलतंसलतं बदलून बसू नका."

आणि तिने नेमकं तेच केलं.

मोठ्या काचांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाने गाडीला यंत्र लावलं, यंत्राने काहीच सांगितलं नाही, म्हणून त्याने पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्या दिवशी धाकटी भर चौकात बसली. मग त्याने तारा बदलायला सांगितल्या. शेवटी एका कागदावर आकडा लिहून तो तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "इंजिनाचा कॉम्प्युटरच गेलाय, मॅडम. खरं सांगू का... एवढं घालण्यापेक्षा विकून टाका."

आत्याने आकडा वाचला आणि चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचला. "एवढ्यात तर धाकटीचं लग्न लागेल," ती म्हणाली.

थोरलीला हसू आलं नाही. येत्या एक तारखेला तिला मोठ्या शहरात हजर व्हायचं होतं. मुलांची तिरळी नजर व्यायामाने सुधारण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता तो. तिसऱ्यांदा अर्ज केला, तेव्हा कुठे बोलावणं आलं. वयाची अट बघता पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची सोय नव्हती. रस्ता आठ तासांचा, मध्ये मोठा घाट. तिथेही गावोगावच्या शाळांमधून पेट्या घेऊन हिंडायचं होतं, त्यामुळे स्वतःची गाडी हवीच. धाकटी धड नसेल तर जाणंच अवघड. हातात एकवीस दिवस होते.

"टाकीखालच्या निळ्या शटरचा मिस्त्री कसा आहे गं?" तिने आत्याला विचारलं.

"कोण, 'गार होऊ दे'?" आत्या खुदकन हसली. "गावात त्याला सगळे तेच म्हणतात. त्याचा बापही तसलाच. तुझे बाबा गाडी घेऊन गेले की अर्धा दिवस तिथेच. पण माणूस सरळ हो. जा तू."

*

निळ्या शटरच्या आत तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रंगवलेली सावली. आणि वर मोठ्या अक्षरांत, जरा वाकडं: *जुना पार्ट मागून घ्या.*

"हे कशासाठी?" तिने विचारलं.

"वडिलांचा नियम. नवा बसवला म्हणून पैसे घेतले तर जुना गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. नाहीतर त्याला कसं कळणार, खरंच बदलला की नुसता पुसला? बिलावरही छापलंय, जुना पार्ट मिळाल्याची सही घेतल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. तुम्हाला कुणी असा जुना पार्ट परत दिला का?"

थोरलीने पान्यांच्या रांगेकडे नजर वळवली.

"म्हणजे बदललात," तो म्हणाला. पण हिणवून नाही. तिला तेच बरं वाटलं.

त्यानेही यंत्र लावलं. हाताएवढी छोटी पेटी होती, तिच्यावरचे आकडे वाचताना त्याने पुन्हा डावा डोळा बारीक केला. आत्ता थोरलीच्या लक्षात आलं की त्या दिवशी तो डोळा मारत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं! तिला इतकं हसू आलं की खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

"यंत्र म्हणतंय सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "तेही खरंच आहे. आत्ता गाडी गार आहे, आत्ता सगळं ठीकच असणार. चोर घरात नसताना झडती घेऊन काय उपयोग? बंद पडेल तेव्हा मी तिथे पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे..." तो हात पुसायला लागला. तेच बोट तीनदा पुसलं. "म्हणजे मला तुमच्याबरोबर बसावं लागेल. बंद पडेपर्यंत."

*

पहिल्या दिवशी धाकटी शहाण्या मुलीसारखी चालली. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस. तो गुडघ्यांवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होता आणि ती तो काय ऐकतोय ते ऐकत होती. बोलणं म्हणाल तर "डावीकडे वळायचंय" आणि "ब्रेक चांगले आहेत" एवढंच.

दुसऱ्या खेपेला, शाळेहून परतताना, टाकीखालच्या त्याच वळणावर धाकटी बसली. त्याने घड्याळात पाहिलं, बॉनेट उघडलं, वही काढून काहीतरी लिहिलं. मग दोघं रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर येऊन बसले.

"आता?"

"आता गार होऊ द्यायचं."

"तुम्हाला कंटाळा येत नाही?"

"कशाचा? घाई केली की हात भाजतो. वडील म्हणायचे, इंजिन आणि माणूस तापलेलं असताना उघडायला जाऊ नये."

ती हसली. समोर टाकीवर पाणीपुरवठ्याची हातभर उंचीची अक्षरं रंगवलेली होती. तिने सहज विचारलं, "त्या टाकीवर काय लिहिलंय, वाचा बरं."

त्याने वर पाहिलं. "टाकीवर लिहिलंय होय?"

"अहो, तुम्ही रोज तिच्याखालून जाता!"

"मी खाली बघून चालतो. रस्त्यावर कुणाचे नट पडलेले असतात."

तिने गाडीतून भिंगांची पेटी आणली. तपासणीची जड गोल चौकट त्याच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून बघायला लागली. "हे की हे? ...आता? ...की आधीचं बरं?" साठ मुलांना रोज विचारते तेच प्रश्न. पण साठ मुलांच्या वेळी तिची बोटं अशी गार पडत नव्हती. त्याच्या कानामागे तेलाचा एक ठिपका होता. तो पुसावासा वाटला, आणि तिने पटकन दुसरं भिंग उचललं.

"आता वाचा."

तो टाकीकडे बघेचना. समोरच बघत राहिला, चौकटीआडून, डोळे मोठे करून.

"काय दिसतंय?" ती म्हणाली. आवाज उगाच वरच्या पट्टीत लागला.

"तुमच्या डाव्या भुवईत तीळ आहे."

"...टाकीवर बघा, मिस्त्री."

"टाकी कुठे पळून जातेय?"

तिने चौकट उतरवून घेतली. चष्मा करून देईन म्हणाली, आणि तो म्हणाला, पैसे वाजवी लावा, मी गरीब माणूस आहे. ती म्हणाली, तुम्ही माझ्या गाडीला लावाल तसेच. पंचवीस मिनिटं होऊन गेली तरी कुणी उठलं नाही.

*

त्यानंतर थोरलीची रीतच उलटी झाली. लोक गाडी सुरू करताना बंद पडू नये म्हणून देवाला हात जोडतात, ती मनात म्हणायची— आज बस गं बाई, एकदा तरी. आठवड्यातून तीनदा गावं ठरलेली, तीनदा तो शेजारी, आणि धाकटीचा स्वभाव असा की चारदा धावायची तेव्हा एकदा रुसायची.

"बंद पडली नाही म्हणून तोंड पाडून घरी आलेली बाई मी पहिल्यांदाच बघते," आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली.

"काहीतरीच तुझं."

"माझं काहीतरीच, आणि तुझं? पूर्वी केस विंचरायला पाच मिनिटं लागायची, आता धाकटीच्या आरशात बघून पुन्हा विंचरतेस." आत्याने देठ मोडला आणि आवाज खाली आणला. "तारीख लक्षात आहे ना, थोरले? बारा दिवस राहिले."

लक्षात होती. तिच्या खोलीच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन्ही बाजूंनी टोचायला लागलं होतं. गाडी लवकर दुरुस्त व्हावी म्हणून ती दिवस मोजत होती... आणि होऊ नये म्हणूनही तेच दिवस मोजत होती. दुरुस्त झाली की ती जाणार. हे त्यालाही ठाऊक होतं, तिनेच सांगितलं होतं. त्यावर तो फक्त एवढंच म्हणाला होता, "मग घाटात बंद पडून चालणार नाही."

तिला राग आला होता त्याचा. दुसरं काही म्हणता आलं नसतं का माणसाला?

त्याच्यासमोर तिसऱ्यांदा धाकटी बसली ती शेतांमधल्या सरळ रस्त्यावर, दुपारी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि तिला वाटलं, त्याच्याही डोळ्यांत तेच आलं जे तिच्या मनात होतं. वीस मिनिटं! पण तेवढ्यात आभाळ भरून आलं. आता जोराचा पाऊस, बॉनेटवर ताशासारखा वाजणारा. काचांवर आतून वाफ धरली. बाहेरचं जग पुसून गेलं आणि आत दोघं, आणि भिजल्या रस्त्याचा वास.

त्याने काच खाली करून हात बाहेर लांबवला, बॉनेटच्या कडेला टेकवला. "पावसाने लवकर गार होईल," तो म्हणाला. "दहा-बारा मिनिटं फार तर."

"हो का," ती म्हणाली.

पावसाचा इतका राग तिला जन्मात कधी आला नव्हता. आठ मिनिटं फुकट गेली! आणि या विचारापाशी ती स्वतःच दचकून थांबली. स्टिअरिंगवर बोटं घट्ट झाली. अरे देवा... म्हणजे आत्याला कळलं ते खरंच होतं तर.

"एक विचारू?" तो म्हणाला.

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले. "विचारा."

"बंद पडली तेव्हा काट्यांकडे लक्ष होतं तुमचं?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. पण नजर हाच तिचा धंदा होता. तिने डोळे मिटले आणि आठवलं. "वेगाचा काटा हळूहळू खाली आला. पण इंजिनाच्या फेऱ्यांचा... तो आधीच पडला होता. एकदम. गाडी अजून चालत होती, आणि तो शून्यावर."

"नक्की?"

"मी नजरेचं काम करते, मिस्त्री."

त्याचा चेहरा उजळला— आणि लगेच, का कोण जाणे, विझला. "मग सापडलं," तो म्हणाला.

त्याने वाफ धरलेल्या काचेवर बोटाने चित्र काढलं. एक दातेरी चाक आणि त्याच्या कडेला टेकलेला बोटाएवढा तुकडा. "हा सेन्सर. इंजिन किती फिरतंय ते हा मोजतो आणि वर सांगतो. त्याने सांगितलं की ठिणगी पडते. तुमचा म्हातारा झालाय. तापला की त्याची वाचा बसते. हा गप्प, म्हणून इंजिनाला वाटतं आपण थांबलोच आहोत, आणि ते थांबतं. गार झाला की पुन्हा बोलायला लागतो."

"सगळं आत भरलेलं असतं, पण तापलं की तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "माझ्या ओळखीत असं एक माणूस आहे."

तो काचेवरच्या चित्राकडे बघत राहिला. ते ओघळून चाललं होतं.

*

तरी त्याने खात्री केल्याशिवाय पार्ट मागवला नाही. "अंदाजावर तुमचे पैसे घालवले तर माझ्यात आणि त्या काचवाल्यात फरक काय?" चौथ्यांदा बंद पडली तेव्हा त्याने तिच्याकडे रुमाल मागितला, बाटलीतल्या गार पाण्यात बुडवला, रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरला आणि तो रुमाल सेन्सरवर दाबून धरला. दोनच मिनिटं. मग खालूनच ओरडला, "मारा किल्ली!"

धाकटी सुरू झाली. वीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत.

सगळं इंजिन तापलेलंच होतं, गार झाला होता फक्त तो तुकडा. म्हणजे गुन्हेगार तोच, यात आता शंका नव्हती. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तो रुमाल काळाकुट्ट करून. "धुऊन देतो," म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली.

पार्ट तीन तऱ्हांचा मिळत होता. कंपनीच्या खोक्यातला महाग, नकली अगदी स्वस्त, आणि तिसरा— कंपनीला माल देणाऱ्या कारखान्याचाच, पण साध्या खोक्यात. "माल तोच, खोक्याचे पैसे वाचतात. स्वस्तातला घेऊ नका, घाटात दगा देईल." त्यावर त्याची तासाभराची मजुरी. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याशेजारी ही रक्कम इतकी लहान दिसत होती की आत्याने चष्मा न पुसताच वाचली.

"माणूस सरळ आहे म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली. मग जरा थांबून पुटपुटली, "जरा जास्तच सरळ आहे मेला."

बोल्ट गंजून बसला होता, म्हणून तेल सोडून गाडी एक दिवस ठेवून घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर बसला. थोरलीने त्याच दिवशी चष्मा नेऊन दिला. त्याने तो चढवला, आरशाऐवजी तिच्याकडे पाहिलं, आणि पाकिटातून पूर्ण पैसे काढून ठेवले. "वाजवी आहेत," म्हणाला. बिल घडी करून तिच्या हातात दिलं. मग दोघं दीड तास गाडी घेऊन हिंडले, चढावर, उन्हात, मुद्दाम इंजिन तापवत.

काटा एकदाही पडला नाही.

"झालं," तो उतरताना म्हणाला.

"झालं," ती म्हणाली.

तो दार धरून उभा राहिला. ओठ हलले... आणि मिटले. त्याने दार लावलं, वरून दोन थापा मारल्या, जशा निघणाऱ्या गाडीला मारतात, आणि आत गेला.

*

निघायच्या सकाळी आत्याने डबा दिला, घाटात हळू जा म्हणाली, आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. निळं शटर वर होतं, पण थोरलीने त्या बाजूला बघितलं नाही. टाकीखालचं वळण आलं. तिने श्वास धरला. बस ना गं धाकटे... एकदाच! धाकटी गुणगुणत पुढे गेली. एखाद्या माणसाने आपलं काम किती चोख केलंय, याचा असा संताप कुणी केला नसेल.

वीस मिनिटांवर रेल्वेचं फाटक बंद होतं. तिने नकाशासाठी समोरचा कप्पा उघडला, तर वर बिलाची घडी. उगाच उलगडली. त्याचं अक्षर तरी बघू म्हणून. सेन्सर एक. मजुरी एक तास. आणि खाली छापील ओळ— *जुना पार्ट परत मिळाला. गिऱ्हाइकाची सही.*

पुढची जागा कोरी.

तिने पुन्हा वाचलं. बापाचा नियम, भिंतीवर रंगवलेला. सही घेतल्याशिवाय गाडी न सोडणारा माणूस. नजरेचं काम करते म्हणे मी... आणि एवढी कोरी जागा चार दिवस दिसली नाही!

आगगाडी धडधडत निघून गेली. फाटक उघडलं. मागच्यांनी भोंग्यांचा गजर लावला तेव्हा थोरली गाडी वळवत होती.

*

तो स्टुलावर बसला होता. समोर कुठलीही गाडी नव्हती, हातात पाना नव्हता. तिला बघून ताडकन उठला. "काय झालं? बंद पडली?"

"नाही."

"आवाज येतोय?"

"नाही. जुना पार्ट द्यायचा राहिला."

त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. गेला, आणि आता परत घेता येईना.

"तो... खराब आहे," तो म्हणाला.

"खराब होता म्हणूनच बदलला ना?"

"तुम्हाला काय उपयोग त्याचा?"

"आणि तुम्हाला?"

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग त्याने खिशातून तो तुकडा काढला. घासूनपुसून लख्ख केलेला, तिच्याच रुमालात गुंडाळलेला. रुमालही धुतलेला.

"माझ्याकडे तुमचं दुसरं काही नव्हतं," तो म्हणाला. "चष्मा आहे, पण त्याचे पैसे मी दिलेत. हाच एक होता, ज्याच्यामुळे तुम्ही कठड्यावर बसायचात. नियम मोडला. वडील असते तर कानफटात दिली असती."

तिला हसायचं होतं. डोळ्यांतून भलतंच काही आलं. "एवढं सगळं आत होतं, तर त्या दिवशी दार धरून उभे होतात तेव्हा का नाही बोललात?"

"तापलो होतो," तो म्हणाला.

आता ती खरंच हसली, रडत रडत. "मग आता म्हणा. जाऊ नको म्हणा."

"नाही म्हणणार."

"का?"

"तीनदा अर्ज केला होतात. जायचं होतं म्हणून तर मी ती दुरुस्त केली. न सापडल्याचं सोंग मला जमलं असतं, मनात आलंही होतं. पण मग तुम्ही राहिला असतात ती गाडी बिघडली म्हणून. माझ्यासाठी नाही."

"दोन वर्षं आहेत, मिस्त्री."

"मला थांबता येतं." तो पहिल्यांदा मोकळं हसला. "जन्मभर दुसरं केलंय काय? आणि येतानाही हीच गाडी लागेल ना? मी दोन्ही बाजूंच्या रस्त्याला पुरेल अशीच केलीय."

शटरच्या बाहेर भुरभुर सुरू झाली होती. ती निघेना आणि तोही निघ म्हणेना. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खाली बघत म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. तो बोल्ट... गंजला होता हे खरं. पण एक दिवस नाही. अर्ध्या तासात सुटला होता. आयुष्यात गिऱ्हाइकाशी तेवढंच एक खोटं बोललो."

"आणि उरलेला दिवस माझी गाडी काय करत होती?"

"उभी होती. मी बघत होतो."

तिने पर्समधून बिल काढलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, आणि त्याच्या खिशाला लावलेलं पेन न विचारता काढून घेतलं. *जुना पार्ट परत मिळाला*— यावर तिने एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, *मिस्त्रींकडे ठेवला आहे. स्वतः येऊन घेईन.* आणि सही केली, पूर्ण नावाची, ठळक.

बिल तिने त्याच्या हातात दिलं. आणि मग, गेले तीन आठवडे राहून गेलेलं काम केलं. बोटाच्या टोकाने त्याच्या कानामागचा तेलाचा ठिपका पुसला.

"हळू चालव," तो म्हणाला.

'चालवा' नाही म्हणाला. ते तिने पहिल्या वळणापर्यंत जपून नेलं, मग टाकीपर्यंत, मग फाटकापर्यंत. काटा जागचा हलला नाही. समोरच्या काचेवर पाऊस वाढत चालला होता आणि बॉनेटवरून वाफा निघत होत्या. घाट अजून पुढे होता. आज त्या पावसावर ती रागावली नाही.